हिरवं राहिलेलं बटण

मी पोटापाण्यासाठी मोबाइलची ॲप बनवते. सगळी नाही, पडद्यावर माणसाला जे दिसतं तेवढंच. त्यातही गेली काही वर्षं माझ्याकडे बटणं आली आहेत. माणसाने बटण दाबलं की ते दाबलेलं दिसायला हवं, बोट उचलल्यावरही दिसायला हवं, आणि ॲप बंद करून तो जेवून आला, पुन्हा उघडलं, तरी दिसायला हवं. यासाठी कंपनी मला पगार देते. दाबलेल्या बटणाचा रंग कोणता असावा यावर आमच्याकडे बैठका होतात आणि त्यात माणसं एकमेकांवर खरोखर चिडतात. नात्यात हे समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला. स्थळं बघताना मुलगी काय करते असं कोणी विचारलं की आई "कॉम्प्युटरवर असते" म्हणायची आणि समोरचे समाधानाने मान हलवायचे.

बाबा साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर होते, तिथूनच निवृत्त झाले. बटणांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "आमच्या मशीनला पन बटण व्हतं. दाबलं की मशीन चालू. दाबलेलं दिसतंय का म्हणून कोन बघत बसलं नाय." मशीन सुरू झाली की ऐकू येते, फोनचं तसं नसतं, असं मी एकदा म्हणाले. त्यावर त्यांनी मशीनच्या आवाजाने आपले कान कसे गेले ते सांगितलं आणि बटणांचा विषय तिथेच राहिला.

आमचं घर खालापूर आणि कर्जतच्या मधे, रस्त्यापासून थोडं आत. वारा इकडचा असला की एक्सप्रेसवेचा आवाज येतो, नसला की काकांच्या घरातला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे तारेचं कुंपण आणि त्यावर घोसाळ्याचा वेल. वेल कोणाचा हे ठरलेलं नाही; ज्या बाजूला घोसाळं लोंबेल त्यांनी ते काढायचं.

पूर्वी कुंपण नव्हतं. हद्दीवर एक फणस होता. बाबांनी तो तोडून तिथे स्लॅबची खोली बांधली. काका म्हणाले, "इचारायचं तरी." बाबा म्हणाले, "इचारलं असतं तर नाय म्हटला असतास." दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायला कुठे फट राहिली नाही. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. त्या खोलीत आता माझं टेबल आहे, वायफायचा डबा आहे, आणि उन्हाळ्यात तिथे इतकं उकडतं की फणस होता ते बरं होतं असं मला बऱ्याचदा वाटतं. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बोलणं बंद होतं ते फक्त पुरुषांचं. आई आणि काकांची सून, म्हणजे माझी वहिनी, यांची कुंपणावरून वाट्यांची ये-जा नेहमी चालू असायची. कधी कोलंबीचं कालवण यायचं, कधी आमच्याकडून वालाचं बिरडं जायचं. बाबा ते कालवण कोणी केलं असं न विचारता दोनदा वाढून घ्यायचे. पलीकडे काकाही बिरड्याबाबत असंच वागतात, हे वहिनीने मला सांगितलं होतं. घरातला पुरुष रुसला म्हणून जेवणाने का रुसावं, असं दोन्ही स्वयंपाकघरांचं धोरण होतं.

अशात माझं लग्न ठरलं.

आमच्याकडे हळदीच्या दिवशी मांडव घालताना पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, रोवायचा असतो, आणि त्याला घरातल्या थोरल्याचा हात लागतो. बाबा धाकटे. म्हणजे हात काकांचा. काका आले नाहीत तर काय करायचं, यावर सगळ्या भाऊकीची आपापल्या घरी चर्चा होऊन गेली होती. बाबा मात्र तोंडातून अक्षर काढत नव्हते. मांडववाला मेढीसाठी खड्डा कुठे घ्यायचा हे विचारायला आला, तेव्हा त्यांनी तुळशीपासून बरीच लांबची, गैरसोयीची जागा दाखवली. आईने कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं माती मऊ हाय." ती जागा काकांच्या ओट्यावरून सरळ समोर दिसते. बाबांना काका यायला हवे होते. बाकी बस्ता, आचारी, बँड यांतलं काहीही कमीजास्त झालं असतं तरी त्यांना चाललं असतं.

आता प्रश्न आवतणाचा. आमच्याकडे आवतण द्यायला घरातल्या माणसाने दारोदार जायचं असतं. बाबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी जिने, चढ आणि रिक्षा तिन्ही बंद केले होते. आमची भाऊकी खोपोलीपासून पार कर्जतपलीकडच्या कोंडाणे गावापर्यंत पसरलेली. मला भाऊ नाही. आई म्हणाली, भाऊकीच्या ग्रुपवर टाकू. ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. आमच्या ग्रुपवर जोडलेले हात म्हणजे येतो, जमणार नाही, वाईट झालं, शुभ सकाळ, यांपैकी काहीही असू शकतं. शिवाय काका त्या ग्रुपवर नव्हते. बाबा आहेत म्हणून त्यांनी तो सोडला होता.

मी म्हणाले, मी एक छोटं ॲप बनवते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नोकरीचा घरात काही उपयोग होणार होता, त्यामुळे मी जरा जास्तच उत्साहात होते. नेटवर आमंत्रणाच्या ॲपचा एक तयार साचा मिळाला, तो घेतला. ॲप उघडलं की वर बाबांचा फोटो, खाली "हळदीला येणार ना?" असा प्रश्न, त्याखाली दोन बटणं: "येणार" आणि "जमणार नाही". भाऊकीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही, म्हणून प्रश्न बाबांच्याच आवाजात भरायचा ठरवलं. उत्तर दिलेलं नसेल तर रोज सकाळी फोन स्वतःहून आठवण करून देईल, फोटो येईल आणि बाबांचा आवाज येईल, अशी सोय केली.

आवाज भरताना बाबा खिडकीपाशी उभे राहिले. मी खूण केली. ते बाहेर बघत म्हणाले, "येणार ना रं?"

मी म्हणाले, "बाबा, हे आत्या, मावशी, सगळ्याच ऐकणार आहेत. 'येणार ना सगळे' म्हणा."

"चालतं तेच," ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा बोलायला तयार होईनात. मी तेच ठेवलं.

काकांच्या फोनमध्ये ॲप कसं घालायचं हा पेच वहिनीने सोडवला. तिने मला न सांगता घालून टाकलं. मी कुंपणावरून विचारलं, "रागावले का?"

"काय बोलले नाय," ती म्हणाली. "आवाज ऐकला. मग फोन चार्जिंगला लावला."

बाबांच्या फोनवर मी सगळ्यांची नावं एकाखाली एक दिसतील असं केलं होतं. जो येणार म्हणेल त्याची ओळ हिरवी. काकांनी ओट्यावर बसून बटण दाबलं की ते आधी दूरच्या कुठल्यातरी देशातल्या कॉम्प्युटरला कळायचं आणि तिथून परत येऊन कुंपणाच्या अलीकडे बाबांच्या फोनवर उमटायचं. बाबांनी नुसती मान वर केली असती तरी काका दिसले असते. पण मान वर करायची नव्हती, म्हणूनच तर हा खटाटोप.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांची ओळ हिरवी झाली. बाबांनी मला खोलीत येऊन विचारलं, "हा हिरवा म्हंजी काय?" अर्थ त्यांना ठाऊक होता. मी सांगितलं, येणार म्हणताहेत. ते "बरं" म्हणाले, फोन खिशात घातला, आणि अंगणात जाऊन आईने नुकतंच पाणी घातलेल्या कढीपत्त्याला पुन्हा पाणी घालत बसले.

त्याच्या पुढच्या सकाळी ओळ पुन्हा पांढरी. बाबांनी चहा अर्धा ठेवला. "फिरला," ते म्हणाले.

त्याच्या पुढच्या सकाळी हिरवी. मग पांढरी. एका दिवशी हो, दुसऱ्या दिवशी नाही, असं चालू झालं. बाबांनी यावरून काकांच्या स्वभावाची उजळणी सुरू केली. "ल्हानपनापासनं असाच हाय. नदीत उडी मारायची म्हणून काठावर हुबा ऱ्हायचा. आमी पवून, कपडे सुकवून घरी यायचो तरी हा काठावरच." ज्या दिवशी ओळ हिरवी असे त्या दिवशी ते आचाऱ्याशी गोड बोलत, मांडववाल्याला चहा पाजत. पांढरी असे त्या दिवशी लग्न एवढं मोठं करायची गरजच काय होती इथपर्यंत त्यांची गाडी जाई. आईने शहाणपणाने सगळी महत्त्वाची बोलणी हिरव्या दिवशी ठेवायला सुरुवात केली. पत्रावळीवाला पांढऱ्या दिवशी आला तर ती त्याला गेटवरूनच उद्या या म्हणून परत पाठवायची. मी जगातल्या कितीतरी लोकांसाठी बटणं केली असतील, पण माझ्या एका बटणावर कोणाचं जेवणखाण चालतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवतही नव्हतं.

कोंडाण्याच्या आत्याचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. आत्याच्या घरात रेंज नाही. देवळामागच्या खडकावर येते, म्हणून ती तिथून बोलत होती आणि वाऱ्यामुळे ओरडत होती.

"अगं, तुझं बटण धरत नाय!"

"धरत नाही म्हणजे?"

"बोट ठेवलं की हिरवं व्हतं, बोट उचललं की गेलं. पुन्ना उघडावं तर तुझा बाप पुन्ना इचारतो. मी सांगतेय येनार, त्यो इचारतोय येनार ना. त्याला ऐकू येत नाय ते ठावं हाय, पन एवढं?"

मी म्हणाले, "आत्या, तू किती वेळा दाबलंस?"

"दोन येळा. एकदा आवतनाचा हो, एकदा बोलावन्याचा. आपल्यात एका हो ला कोन इचारतं गं?"

हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे आवतण आलं की माणूस हो म्हणतो, पण ते हो नुसतं तोंडदेखलं असतं. प्रत्यक्ष कार्याच्या दिवशी यजमानाकडून पुन्हा कोणीतरी येतं आणि "चला" म्हणतं, त्याला बोलावणं म्हणायचं. तेव्हा जे हो म्हणतात ते खरं. बोलावणं आलं नाही तर नटूनथटून बसलेला माणूसही घरीच बसतो, आणि मग तीन पिढ्या तो विषय निघतो. एकदाच हो म्हणून खुशाल जेवायला जाणारा आमच्याकडे हावरट ठरतो. आत्यासारख्या रीतभात पाळणाऱ्या सगळ्यांनी म्हणून बटण दोनदा दाबलं होतं. आणि त्या तयार साच्यात सोय अशी होती की एकदा दाबलं की होकार, पुन्हा दाबलं की तो रद्द. म्हणजे जितकी चांगल्या वळणाची माणसं होती तितकी सगळी माझ्या ॲपमध्ये येणार नव्हती. येणार होते ते एक-दोन उनाड चुलतभाऊ, ज्यांनी रस्त्यात उभ्या उभ्या एकदा दाबून फोन खिशात टाकला होता.

मी बसून सगळं नीट तपासलं. बटण हिरवं व्हायचं ते फक्त बोट टेकलेलं असेपर्यंत. होकार पुढे पोचायचा, पण पाहुण्याच्या स्वतःच्या फोनला त्याची आठवणच राहत नव्हती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी फोन त्याला अजून उत्तर मिळालं नाही असं समजून पुन्हा विचारायचा. काकांच्या बाबतीत ते स्वच्छ दिसत होतं. रोज सकाळी, त्यांच्या चहाच्या वेळेला, एकदा दाबलेलं. "जमणार नाही" ला त्यांनी हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशीच्या दाबण्याने होकार गेला, दुसऱ्या दिवशीच्या दाबण्याने तोच होकार रद्द झाला, तिसऱ्या दिवशी परत गेला.

मी बाबांना जाऊन सांगितलं. "काका फिरत नाहीयेत. त्यांना बटण दाबलेलं दिसत नाही, म्हणून ते रोज दाबताहेत. रोज येणारच म्हणताहेत."

"रोज?"

"रोज."

बाबांनी फोन काढून ओळ पाहिली. "मंग त्याला कटाळा कसा नाय आला?" ते म्हणाले.

ॲपमध्ये माणूस कुठे दाबतो ते कळतं, का दाबतो ते कळत नाही. मी म्हणाले, मी आता दुरुस्त करते, आणि खोलीत गेले.

काम फार नव्हतं. होकार पाहुण्याच्या फोनमध्येही जपून ठेवायचा. ॲप उघडलं की आधी तो बघायचा आणि बटण हिरवंच दाखवायचं. हिरव्या बटणावर कोणी कितीही दाबलं तरी ते हिरवंच राहील, मन बदललं तर दुसरं बटण दाबावं लागेल. खाली एक ओळ घातली, "तुम्ही येणार असं कळवलं आहे." आणि एकदा उत्तर मिळालं की प्रश्न बंद, आवाज बंद, रोजची आठवण बंद. आत्याने खडकावर जाऊन बघितलं आणि "आता धरलं" असं ओरडून सांगितलं. कंपनीत अशा कामानंतर कोणीतरी शाबासकीचा अंगठा पाठवतं. इथे तसं काही झालं नाही, पण मला बरं वाटलं होतं.

काकांची ओळ हिरवी झाली आणि हिरवी राहिली. पहिल्या दिवशी बाबा खूश होते. त्यानंतर त्यांना शंका यायला लागली. "हलत नाय आता," ते म्हणाले. "बिघडलं तर नाय ना?"

"बाबा, बिघडलं होतं तेव्हा हलत होतं. आता दुरुस्त आहे."

"तसं असंल," ते म्हणाले, पण दिवसातून बऱ्याचदा फोन काढून ओळ बघायचे, बोटाने पुसूनही बघायचे. मेली एक हिरवी पट्टी, तिने माणसाला आधी हलून छळलं आणि आता न हलून छळत होती.

हळदीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशीच आत्या येऊन राहिली होती आणि घराचा ताबा तिच्याकडे गेला होता. सकाळी आई फोन घेऊन बसली आणि एकेका घरी बोलावणं करू लागली: "या हं, मेढ रोवायची हाय, निघा आता." सगळी घरं झाली. काकांच्या घराचं नाव आलं तेव्हा तिने बाबांकडे बघितलं.

बाबांनी फोन काढून तिला दाखवला. "हिरवा हाय की. हाकेवर तर घर. येईल."

माणसं जमली. खड्डा तयार होता, मेढीला आंब्याचे डहाळे बांधून झाले होते, ताटात हळदकुंकू होतं. लग्नाची जुनी गाणी म्हणणारी धवलारीण आत्याच्या शेजारी बसून धवला म्हणत होती. मला पिवळी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं आणि जागचं हलायचं नाही अशी तंबी होती. मुहूर्त जवळ आला तसं एकेकाची नजर कुंपणापलीकडे जाऊ लागली.

काका ओट्यावर बसले होते. पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, दाढी केलेली. फोन मांडीवर. आमच्याकडे बघत नव्हते. उठत नव्हते.

बाबांनी आपल्या फोनवर बघितलं, मग मान वर करून काकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना मी असं सरळ तिकडे बघताना पाहिलं नव्हतं. मग ते माझ्यापाशी आले आणि फोन माझ्यासमोर धरला. ओळ हिरवी होती. माझं काम चोख होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "येळ चाललीय. दुसरा कोन थोरला आसंल त्याचा हात लावा." दुसरं कोणीतरी एका चुलत आजोबांना पुढे करायला लागलं. ते बिचारे उठले, पुन्हा बसले. बाबांनी एक हात मेढीवर ठेवला होता आणि तो ते काढत नव्हते. मला फार वाईट वाटलं. फोन दोघा भावांकडेही होते, बटण माझं होतं, आणि उपयोग शून्य होता.

मी पाटावरून उठले. आत्या ओरडली, "अगं नवरी ना तू!" मी तशीच कुंपणापाशी गेले. पलीकडे वहिनी वेलाआडून वाटच बघत उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, सकाळी अंघोळ करून जे बसलेत ते तितंच हायत. मी म्हटलं, चला ना मामंजी. तर म्हनतात, इचारलं नाय."

"कोणी विचारलं नाही?"

"तुमच्या बाबांनी. रोज सकाळी इचारायचे ना? यांचा चहा झाला रे झाला, की आवाज यायचा, येनार ना रं. हे कप खाली ठेवायचे, म्हनायचे येनार, आनि मग दाबायचे. मोठ्यानं म्हनायचे हां, घरात ऐकू जाईल असं. मंग आवाज यायचा बंदच झाला. रोज फोन उघडून बघतात, कानाला लावतात. काल म्हनाले, फिरला तो."

मी तिथे उभी राहिले. हे सगळं मी काकांना कुंपणावरून मिनिटभरात समजावून सांगू शकले असते. आवाज एकदाच भरलेला आहे, रोज विचारत होता तो फोन, तोही चुकून, आणि ती चूक मी काढून टाकली आहे. माझा धंदाच तो. पण ते सांगितलं असतं तर त्यांना हेही कळलं असतं की बाबांनी त्यांना एकदाच विचारलं होतं, आणि तेसुद्धा सगळ्या भाऊकीबरोबर. मला ते करवेना.

मी परत येऊन बाबांच्या कानाशी सांगितलं. कान गेलेल्या माणसाला कानात सांगणं म्हणजे आजूबाजूच्या दहा जणांना सांगणं, पण इलाज नव्हता.

"मी रोज इचारत व्हतो?" बाबा म्हणाले.

"काकांना तसं वाटलं."

"आनि आता बंद केलं."

"बटण दुरुस्त केलं मी, बाबा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि काठी मागितली. कुंपणातून जाता येत नव्हतं. ते आमच्या गेटमधून बाहेर पडले, रस्त्याने वळसा घालून काकांच्या गेटमधून आत शिरले. दुखरा पाय आधी, मग दुसरा, असे हळूहळू. धवलारीण थांबली. मी पुन्हा कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि आत्याने या वेळी मला अडवलं नाही, कारण ती माझ्या शेजारीच उभी होती.

ओट्याला पायरी होती. बाबांना ती चढता येण्यासारखी नव्हती, म्हणून ते खालीच थांबले.

"दादा," ते म्हणाले.

काका मांडीवरच्या फोनकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आज इचारलं नायस," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "लई दिवस झाले. इचारलं नायस."

बाबांच्या तोंडून आता काय बाहेर पडेल याची मला भीती होती. फणसाच्या वेळी असंच कोणीतरी खरं बोललं होतं.

"मांडवाच्या गडबडीत ऱ्हायलं रं, दादा," बाबा म्हणाले. "उद्यापासनं परत इचारतो."

काकांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला, खांबाला धरून उठले आणि ओट्याखाली वाकून चपला शोधायला लागले. वहिनी म्हणाली, "पायातच हायत." पण ते जरा वेळ शोधतच राहिले, आणि बाबा काठीवर भार देऊन खाली उभे राहिले.